भाच्याच्या हवाली पेढी

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी शोधणारी वेधशाळा व्हायची आहे. 2023 साली केंद्राने तिला 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनहून कितीतरी लहान हालचाल टिपण्याची जिद्द. त्याच हिंगोली जिल्ह्यात एखाद्या हळदीच्या अडतीवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हटलं, तर कुणाची पापणीही हलत नाही.

आमच्याकडे आयटी व्यवस्थापन नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आहे की! शेठजींचा भाचा बघतो. मोबाइल झपझप चालवतो, एवढी पात्रता पुरली. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकटीत. बॅकअप पेन ड्राइव्हमध्ये, आणि पेन ड्राइव्ह कायम त्याच कॉम्प्युटरला खोचलेला. जायचं तर दोघांनी जोडीनं जावं! गोदामातल्या हळदीला कुलपं, विमा, राखणदार. कुणाकडून किती येणं आहे हे ज्याच्या पोटात, त्या मशीनला फक्त एक कव्हर, तेही धुळीसाठी.

जाणता माणूस नेमा म्हटलं की शेठजी विचारतात, “त्याचा पगार कुणी द्यायचा?” मग ऐन हंगामात ई-वे बिल निघत नाही, भरलेला ट्रक दारात रात्र काढतो आणि खोळंब्याचे पैसे निमूट मोजले जातात. त्या माणसाचा पगार पेढी आजही देतेच. खतावणीत तो ‘किरकोळ खर्च’ म्हणून पडतो, इतकंच.