नूतन अध्यक्षांचा पहिला आठवडा : काही उपयुक्त सूचना

रोटरी असो वा लायन्स, सेवाभावी क्लबांचे वर्ष १ जुलैला उजाडते. ३० जूनच्या रात्रीपर्यंत जे गृहस्थ हार्डवेअरचे दुकान सांभाळत होते, ते दुसऱ्या दिवशी गळ्यात कॉलर घालून समाजाला दिशा देऊ लागतात. त्यांचे प्रशिक्षण शिबिर झालेले असते, पण तिथले जेवण उत्तम असल्याने बाकीचे लक्षात राहत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापुरते हे मार्गदर्शन.

१ जुलै ही तारीख अध्यक्षांचा कस पाहण्यासाठीच नेमलेली असावी. डॉ. बिधानचंद्र रॉय यांची जयंती म्हणून डॉक्टर दिन, १९४९ साली याच दिवशी सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली म्हणून सीए दिन आणि वसंतराव नाईकांची जयंती म्हणून महाराष्ट्राचा कृषी दिन. एका दिवसात तीन सत्कार! डॉक्टर आणि सीए क्लबातच सापडतात. किंबहुना ते वगळले तर क्लबात फारसे कोणी उरत नाही. डॉक्टरांचा सत्कार सीएंच्या हस्ते आणि सीएंचा डॉक्टरांच्या हस्ते ठेवावा, म्हणजे शाली घरातल्या घरात राहतात.

अडचण येते ती शेतकऱ्याची. क्लबातल्या काहींच्या नावे सातबारा असतो, पण पायाला चिखल नसतो. खरा शेतकरी या दिवसांत पेरणीत असतो, नाहीतर दुबार पेरणीच्या घोरात. त्याला दहाला बोलवावे आणि कार्यक्रम साडेअकराला सुरू करावा. तो तीनदा ‘किती वेळ लागंल?’ असे विचारील. ‘झालंच, प्रांतपाल निघालेत’ असे सांगावे. बळीराजावर पाऊण तास भाषण चालू असताना बळीराजाने खिडकीतून आभाळाकडे पाहू नये, अशी त्याला आधीच नम्र विनंती करून ठेवावी. वक्त्याचे लक्ष विचलित होते.

दुपारी वृक्षारोपण. रोपाला हात लावणाऱ्यांची संख्या रोपाच्या पानांपेक्षा जास्त असू नये, एवढा एक दंडक पाळला तरी पुरे. खड्डा खणणाऱ्याला फोटोच्या वेळी बाजूला व्हायला सांगावे. मात्र फार लांब पाठवू नये, कारण तो गेला की रोप कलते आणि कुदळ कोणत्या बाजूने धरतात हे उरलेल्यांपैकी कोणालाच आठवत नाही. रोपापेक्षा ट्री-गार्ड महाग असतो, कारण देणगीदाराचे नाव ट्री-गार्डवर येते. शेळीला पाला हवा असतो, नाव नको असते. त्यामुळे सहा महिन्यांनी पाहावे तर ट्री-गार्ड दिमाखात उभा असतो.

या सगळ्याची बातमी कार्यक्रमाआधीच लिहून ठेवावी आणि वार्ताहराकडे दुपारी बारापर्यंत पोचवावी. ‘मोठ्या उत्साहात संपन्न झाला’ या वाक्याला प्रत्यक्ष कार्यक्रमाची गरज नसते.

वह्यावाटपाबद्दल वेगळे सांगायला नको. एका वहीला पाच हात. बाकी मुख्याध्यापक पाहून घेतात.

साप्ताहिक सभेत मात्र गंभीर राहावे. घंटा वाजवावी, राष्ट्रगीत घ्यावे आणि ‘ज्यांची ओळख करून देण्याची गरजच नाही’ अशा वक्त्याची वीस मिनिटे ओळख करून द्यावी. त्याच्या विषयासाठी उरलेली आठ मिनिटे पुष्कळ झाली, कारण तोवर स्वयंपाकघरातून पनीरचा वास येऊ लागतो. वक्ता कमी पडला तर थोडा इतिहास सांगावा. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील एक कोळसा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांच्यासोबत एका छोट्या कचेरीत बसला. हार नाहीत, फ्लेक्स नाही, सूत्रसंचालकही नाही. एवढ्या अपुऱ्या तयारीवर रोटरी जगभर पसरली, हे नवलच. त्या क्लबाने सुरुवातीला हाती घेतलेले मोठे काम म्हणजे शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह. आजच्या अध्यक्षांनी याचे अनुकरण करू नये. उद्घाटनाचा फोटो नेमका कोणत्या क्षणी काढायचा, हा प्रश्न सुटत नाही.

मग अहवाल. त्यात ‘लाभार्थी’ नावाचा रकाना असतो आणि प्रांतपाल तोच आधी पाहतात. रोप एक असले तरी प्राणवायू गावभर पसरतो, तेव्हा जनगणनेतला आकडा खुशाल घ्यावा. रोटरीत १९४३ पासून चालत आलेली एक चतुःसूत्री कसोटी आहे. ‘हे सत्य आहे का’ हा तिचा पहिलाच प्रश्न. ती सभेत मोठ्याने म्हणायची असते. अहवाल लिहिण्याची वेळ वेगळी ठेवावी.

रविवारी रक्तदान शिबिर. इथे अध्यक्षांची खरी पंचाईत होते. रक्तदात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असावे लागते. माजी अध्यक्ष असणे कुठेच बसत नाही. बहुतेक पदाधिकारी रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्यांवर असतात. त्यांनी खाटेवर आडवे होऊन हातात रबरी चेंडू धरावा, सुई येण्यापूर्वी फोटो घ्यावा आणि उठावे. खाट रिकामी होण्याची वाट पाहत कॉलेजची पोरे आणि डेपोतले वाहक उभे असतात.

प्रत्येक क्लबात दोन-तीन माणसे अशी असतात, जी सकाळी सहालाच येऊन खाटा लावतात, घाबरलेल्या पोराचा हात धरून बसतात आणि शेवटची पिशवी गाडीत चढेपर्यंत हलत नाहीत. पोलिओच्या रविवारी लसीचा थंड डबा घेऊन एसटी स्थानकावर बसायची तीही हीच. मूळ पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. पण आपण त्यासाठी काही केले, असे यांना अजून कोणी सांगितलेले दिसत नाही. ती फोटोत नसतात, कारण फोटोच्या वेळी बिस्किटे संपलेली असतात आणि ती आणायला कोणीतरी जावे लागते. त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही. सदर मजकूर त्यांच्यासाठी नाही.

एक त्रुटी तेवढी अध्यक्षांनी जातीने लक्ष घालून दूर करावी. या आठवड्यात वही, छत्री, ट्री-गार्ड, पाण्याची बाटली, सगळ्यावर क्लबाचे बोधचिन्ह आले. रक्ताच्या पिशवीवर मात्र क्रमांक, रक्तगट आणि तारीख एवढेच. देणाऱ्याचेही नाव नाही. एखादे छोटे स्टिकर लावता येईल का, असे रक्तपेढीच्या तंत्रज्ञ मुलीला विचारून पाहावे. ती काही न बोलता नुसती पाहील. तेव्हा विषय बदलून जेवण आले का, याची चौकशी करावी.