कोल्हारला पू झालाय

गेल्या हिवाळ्यात आमच्या कोल्हारच्या शिवारात बिबट्या सापडला. रात्री पिंजऱ्यात सापडला आणि सकाळी पेपरात हरवला. मथळा होता : 'कोल्हापुरात बिबट्या जेरबंद'. प्रवरेकाठच्या उसातून शेळीच्या वासाने पिंजऱ्यात शिरलेलं जनावर उजाडेपर्यंत पंचगंगेच्या काठी, चारेकशे किलोमीटरवर. नगर-मनमाड रस्त्याची अवस्था पाहता तेवढ्या वेळात एसटीने राहुरी गाठली तरी प्रवासी नारळ फोडतात.

अण्णांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "गावाला परत पू झाला म्हणायचा."

निदान अचूक आहे. 'कोल्हा' आणि 'र' यांच्या मध्ये एक 'पू' शिरला की कोल्हारचं कोल्हापूर होतं. दुखणं जुनं आहे आणि वर्षातून दोन-तीनदा चिघळतं. यात्रा आमची, गर्दी कोल्हापुरात. कुस्ती आमच्या फडावर, गदा कोल्हापुरात. रस्त्यावरच्या खड्ड्यांची बातमी मात्र न चुकता 'कोल्हार' या शुद्ध नावानेच छापून येते.

खरं तर पुराची आम्हाला टंचाई नाही. शेजारचं भगवतीपूर आमच्या नावाला जोडूनच घेतलं जातं. भंडारदऱ्यातून पाणी सुटलं की प्रवरेलाही पूर येतो. अंबाबाईचं म्हणाल, तर साडेतीन पीठांच्या देवी आमच्या भगवतीच्या देवळात एकत्र नांदतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे कोल्हापूरची देवीसुद्धा आधीच इकडे आलेली. राहता राहिला तांबडा रस्सा.

छापील चुकीला मराठीत 'मुद्राराक्षस' म्हणतात. मूळचा राक्षस बिचारा विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकातला, नंदांचा इमानी अमात्य. त्याच्या नावाची मुद्रा, म्हणजे अंगठी, चाणक्याच्या हाती पडली आणि तिचा शिक्का खोट्या पत्रावर उमटला. लिहिलं एकाने, शिक्का दुसऱ्याचा, फजिती तिसऱ्याची. वर्तमानपत्राच्या धंद्याला इतकं चपखल नाव शोधूनही सापडलं नसतं.

जुन्या छापखान्यात या राक्षसाला राहायला जागा भरपूर होती. शिशाचे खिळे, त्यांचे शेकडो खण, मिणमिणता दिवा आणि उलटं अक्षर सुलटं वाचणारा जुळारी. अक्षराचा खिळा एकीकडे, रफाराचा दुसरीकडे. एखादा खिळा गळाला, एखादा शेजारच्या खणातला आला, की काय होतं ते करून पाहा. 'आमरण उपोषण' मधला उ पडू द्या. 'पुढाऱ्यांचे आमरण पोषण सुरूच' असा मथळा होईल. 'दुष्काळग्रस्तांना मदत' मध्ये एक उकार घाला, सरकारने त्यांना 'मुदत' दिलेली दिसेल. 'पतसंस्था' मध्ये एक न वाढवा आणि ठेवीदाराला दाखवा. तो म्हणेल, यात चूक कुठंय?

असला मुद्राराक्षस आम्हाला मान्य आहे. तो दमलेल्या हातातून निघतो आणि कधीकधी संपादकापेक्षा खरं बोलून जातो. कोल्हारला चावतो तो राक्षस मात्र वेगळ्या जातीचा. दमलेला हात अक्षर गाळतो, बदलतो, चुकून वाढवतोही. इथेही अख्खं अक्षर वाढवलंय, पण ते हाताने नव्हे, अकलेने. रात्रपाळीच्या टेबलावर कुणा शहाण्याला 'कोल्हार' हे नाव अर्धवट वाटलं. पहिल्या पानावर येण्याजोगा बिबट्या एवढ्याशा गावात कसा सापडेल? त्याने गाव पुरं केलं. कोल्हापूरचं कोल्हार झालेलं कुणी कधी पाहिलंय? पू फक्त शिरतो. गळत नाही.

या राक्षसाला माणसाची पायरी बरोबर कळते. १६३१ साली लंडनच्या छापखान्यात बायबल छापताना 'व्यभिचार करू नको' या आज्ञेतला 'नको' तेवढा राहून गेला. राजाच्या छापखानदारांना तीनशे पौंड दंड झाला. एका 'नको'चे तीनशे पौंड, आणि आमचे 'पू' आजवर किती जमले त्याचा हिशोब कोण करणार?

चूक वरून आली, तर मग तिला चूकही म्हणत नाहीत. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. ते गेल्याचं पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जाहीर केलं. श्रद्धांजली झाली, सभागृह तहकूब झालं, रेडिओने देशभर सांगितलं. जयप्रकाश जिवंत होते. ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. लोकसभेतून आलेल्या बातमीचं प्रूफ कोण तपासणार? आपल्याकडे तर 'धरावे' चं 'मारावे' झाल्याची आख्यायिका थेट शनिवारवाड्यातली, १७७३ सालची. त्यात जीव नारायणरावांचा गेला. आनंदीबाईंनी शुद्धिपत्रक काढल्याची नोंद नाही.

जिल्ह्याला छापखान्याची सवय नाही म्हणावं, तर तसंही नाही. नगरमध्ये १८४२ सालीच 'ज्ञानोदय' निघालं. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' काढलं, तेही खेड्यातून. पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून ते कित्येक दशकं निघत राहिलं. आमची अशी समजूत आहे की, खेड्यातल्या पेपराला गावाचं नाव चुकवणं परवडतच नसावं. चुकलेल्या गावचा माणूस बाजारच्या दिवशी अंक घेऊन दारात उभा राहणार, आणि त्याच्या हातात अंकासोबत काठीही असणार. काठीइतका चोख मुद्रितशोधक अजून जन्मला नाही.

आता खिळे गेले, काठ्याही गेल्या. संगणक आला. तो चुकत नाही, तो सांगितलेलं ऐकतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. एखाद्या जुन्या लेखावर 'सगळीकडे बदला' ही कळ दाबून पाहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहा आपल्या नावावरून अहिल्यानगर वसवताना दिसेल, अहिल्याबाई चौंडीत जन्मण्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी! शुद्धलेखनाची एकही चूक सापडणार नाही.

बिबट्याची गोष्ट राहिलीच. अण्णांनी संपादकांना पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलंच. दोनदा कच्चं केलं, तिसऱ्यांदा पक्कं : 'आमचे गाव कोल्हार आहे. ते राहाता तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी आहे. कोल्हापूरशी आमचे वैर नाही, पण नातेही नाही. बिबट्या आमचा आहे.'

आठवड्याने पत्र छापून आलं. शब्दन् शब्द बरोबर. वेलांट्या जागेवर, रफार जागेवर. 'कोल्हार' दोन्ही डोळ्यांनी पाहून घ्यावं इतकं स्वच्छ. अण्णांनी सगळ्या घराला गोळा करून मोठ्याने वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळीशी येऊन थांबले. खाली सही होती : 'एक ग्रामस्थ, कोल्हापूर'.

अण्णांनी चष्मा पुसला. म्हणाले, "चला, तिकडच्या लोकांनाही आपली काळजी आहे."