विषम उपदेशक

बैठकीला जो गैरहजर, काम त्याच्या गळ्यात, असा आमच्या शाळेचा अलिखित नियम आहे. २६ वर्षं मी तो निष्ठेने पाळला, म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत. पोषण आहाराची वही, मतदार याद्या, सहलीची बस, सगळं मी स्वतः जातीने हजर राहून इतरांच्या गळ्यात घातलं. मागच्या जूनमध्ये मात्र मी दाढ काढायला गेलो आणि सुजलेला गाल घेऊन परतलो, तर फलकावर माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं : समुपदेशक, इयत्ता पाचवी ते सातवी.

शाळेचं नाव सांगत नाही. सिडकोत आहे एवढं पुरे. सिडकोत शाळांना तोटा नाही.

माझी ख्याती अशी की मी पाचवी ब मध्ये ओरडलो की सातवी अ गप्प बसते. तरुणपणी माझा खडूचा नेमही चांगला होता. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा नि मानसिक छळ दोन्ही एका ओळीत बंद केले. तेव्हापासून मी खडू फळ्यावर फेकतो. फळ्याला कलम नाही. घरी बातमी सांगितली तेव्हा बायको फक्त "तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. भांडी आपटत हसली, तरी ऐकू आलं.

पहिल्याच तासाला फळ्यावर 'समुपदेशक' लिहिलं. मराठीचा मास्तर असल्यामुळे राहवेना, विग्रहही केला : सम् अधिक उपदेशक. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, सम म्हणजे दोन, चार, सहा ना? मग विषम उपदेशक कोण?"

"गणिताचे सर," दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं. गणिताचे सर तेव्हा दारातून जात होते. त्यांचं नि माझं बोलणं दिवाळीपर्यंत बंद होतं.

मग दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मी नोकरीला लागलो तेव्हा मूल्यशिक्षण म्हणजे दहा मूल्यांची यादी असे. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता... मुलं ती परिपाठाला पाढ्यासारखी म्हणत आणि 'वक्तशीरपणा' पाठ असलेला मुलगा नेमका राष्ट्रगीत संपल्यावर उगवे. प्रशिक्षणात कळलं की आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २००९ मध्येच शांतिलाल मुथ्था यांच्या फाउंडेशनने जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांतून 'मूल्यवर्धन' सुरू केलं होतं आणि पुढे ते राज्यभर गेलं. त्यात उपदेश जवळजवळ नाहीच. संविधानातली न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्यं मुलांनी जोडीत बोलून, गटात खेळून, भांडण आपसात मिटवून अंगी बाणवायची. शिक्षकाने कमी बोलायचं. हे ऐकून सभागृहात मी एकटाच खोकलो.

आणखी एक गोष्ट शिकवली, शांतता संकेत. शिक्षकाने नुसता हात वर करायचा. ज्याला दिसेल त्याने आपलाही हात वर करायचा आणि तोंड मिटायचं. मनात म्हटलं, ही थेरं बीडला चालत असतील, आमच्याकडे नक्को. पण सोमवारी घसा बसला होता म्हणून करून पाहिलं. दहा-बारा सेकंदांत पाचवी ब चिडीचूप. पंखा करकरतो हे मला त्या वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खरं सांगायचं तर आनंद झाला नाही. २६ वर्षांच्या घशाचा तो अपमान होता.

नंतरचं शस्त्र होतं 'सक्रिय श्रवण'. मुलाने जे सांगितलं ते आपल्या शब्दांत त्याला परत म्हणून दाखवायचं, म्हणजे आपण ऐकतोय असं त्याला वाटतं. पहिलं गिऱ्हाईक आलं. शेजाऱ्याला बुक्का मारला म्हणून पाठवलेलं.

"सर, तो रोज माझ्या डब्यातलं खायलाय."

"म्हणजे तुला म्हणायचंय की तो तुझ्या डब्यातलं रोज खातो."

"हौ. तेच म्हणलं."

"म्हणजे तू तेच म्हणालास. मग तुला कसं वाटतं?"

"भूक लागल्यासारखं." मग जरा थांबून, काळजीने : "सर, तुम्हाला ऐकू येईना का?"

दुसऱ्या दिवसापासून पाचवी ब माझ्याशी ओरडून बोलू लागली. शुक्रवारी एका पालकांनी थांबवून, हातवारे करत, जालना रोडवरच्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. भला माणूस. डबा खाणाऱ्याचं पुढे काय झालं हे विचारायचं राहूनच गेलं. ते दोघं आता डबा अर्धा-अर्धा खातात, पण त्यात माझा हात नाही.

तक्रारपेटी शाळेत असते, ती सरकारी कामाची. मी बुटांच्या खोक्याला चीर पाडून वेगळी 'मनपेटी' केली. नाव लिहायचं नाही, मनातलं लिहायचं. आठवड्याने उघडली तर अकरा चिठ्ठ्या निघाल्या. एकीत बाकाचा खिळा चड्डी फाडतो अशी रास्त तक्रार होती. दोन खिचडीतल्या वाटाण्यांबद्दल होत्या. सात चिठ्ठ्या 'मराठीचे सर' या विषयावर होत्या आणि त्यांत शुद्धलेखनाच्या एकूण ३४ चुका होत्या. लाल पेन खिशातच असतं. मी सगळ्या चुका दुरुस्त केल्या, 'दीर्घ ई!' असे शेरे मारले आणि तासाला अक्षर ओळखून ज्याची चिठ्ठी त्याला परत केली. सातवी देताना लक्षात आलं की नाव लिहायचं नव्हतं ते याचसाठी. पुढच्या आठवड्यात पेटीत एकच चिठ्ठी होती : 'पेटी चांगली आहे. सर दुसरे द्या.'

अकरावी चिठ्ठी मात्र मी वाटली नव्हती. तीत लिहिलं होतं की घरात भांडण लागलं की मी न्हाणीत जाऊन नळ सोडत होतो, म्हणजे ऐकू येत नव्हतं. पण आता नळाला पाणी नसतं. तिच्यावर लाल पेन चाललं नाही. अक्षर तिचंही ओळखलं. मग चार शनिवार त्या मुलाबरोबर मैदानाच्या कडेला बसलो आणि बहुतेक वेळ क्रिकेटवर बोललो. त्यातलं काही इथे लिहिण्याजोगं नाही.

शनिवारवरून आठवलं. २०२४ च्या मार्चमध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' काढला. दप्तर नाही, त्याऐवजी प्राणायाम, खेळ, भावना सांभाळणं. मी 'रागावर ताबा' हा विषय घेतला आणि घरचीच गोष्ट काढली. पैठण इथून ५० किलोमीटर. नाथमहाराज गोदावरीत स्नान करून निघाले, एका टवाळाने अंगावर पानाची पिंक टाकली. नाथ शांतपणे पुन्हा स्नानाला गेले. असं १०८ वेळा झालं, तरी त्यांना राग आला नाही. माझाच आवाज शेवटी जरा दाटला. वर्गाकडे पाहिलं तर दहा-बारा हात वर.

"सर, एका आंघोळीला दहा मिनिटं धरली तर अठरा तास होतात. जेवले कधी?"

"त्या माणसाला एवढी पानं कोणी दिली?"

"उस्मानपुऱ्यातून आणली असतील," एकाने शंका मिटवली.

मग दोन वेण्यांची एक मुलगी उठली. सहसा बोलत नाही ती. "सर, आपलं पाणीपण पैठणहूनच येतं ना? मग त्यांना एका दिवसात १०८ आंघोळी आणि आपल्याला आठ दिवसांनी नळ, असं कामून?"

मी जायकवाडी सांगितलं, धरण १९७६ साली पुरं झालं ते सांगितलं, जलाशयाला नाथसागर म्हणतात हे सांगितलं, पंप, चढ, जुनी जलवाहिनी, वाढलेलं शहर, सगळं सांगितलं. घंटा झाली तेव्हा वर्गाने एकमताने निष्कर्ष काढला होता : नदी जवळ होती म्हणून नाथांना राग आला नाही. अहवालात मी 'उद्दिष्ट अंशतः साध्य' असं लिहिलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात आमच्या गल्लीत रात्री दीड वाजता नळ आला. उघड्यावर हंडे, ड्रम, बादल्या, बनियनवरची माणसं. आमच्या नळाला करंगळीएवढी धार. शेजाऱ्यांकडे पाहिलं, तर त्यांनी थेट नळाला मोटार लावलेली. मग मी जे बोललो ते मराठीचा मास्तर म्हणून व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं, एवढंच इथे सांगतो. शेजाऱ्यांच्या मागल्या तीन पिढ्यांपर्यंत मी पोहोचलो होतो. लोक हंडे खाली ठेवून ऐकू लागले.

आणि समोरच्या गच्चीवर, कळशी कडेवर घेतलेल्या एका मुलीने हात वर केला. दोन वेण्या. हे लोक समोर भाड्याने आलेत हे मला माहीत नव्हतं.

शपथेवर सांगतो, माझा हात आपोआप वर गेला आणि तोंड आपोआप मिटलं. प्रशिक्षण वाया जात नाही ते असं. शेजाऱ्यांना वाटलं मी मारायलाच हात उगारलाय, म्हणून त्यांनीही बचावाला हात वर केला. त्यांचं पाहून त्यांच्या मुलाने केला. मिनिटभर आख्खी गल्ली दीड वाजता हात वर करून उभी होती.

त्या शांततेत मोटारीची घरघर स्वच्छ ऐकू येऊ लागली. शेजाऱ्यांनी बटण बंद केलं. घरघर थांबली नाही. ती आमच्या न्हाणीतून येत होती. आमची अर्ध्या एचपीची आहे, लहान. मी तिला मोटारीत धरत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझा हात अजून वरच होता. तो खाली आणून आत जाऊन बटण बंद करेपर्यंत नळ गेला.

शनिवारी मनपेटी उघडली. एकच चिठ्ठी. सुवाच्य अक्षर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही : 'सर, एक झालं. १०७ राहिले.'

चिठ्ठी मी कुणाला परत केलेली नाही. पुढचा नळ गुरुवारी रात्री आहे. मोटार अजून न्हाणीतच आहे.