पालीचा थाट

शेजारच्या भाऊंनी बिबट्या गेको, म्हणजे एक पालच, पाळला, हे अभिनंदनीयच. काचघरात एका कोपऱ्याला 32 अंशांची ऊब. जेवणात जिवंत रातकिडे. तेही आदल्या दिवशी गाजर खाऊन पुष्ट झालेले, वर कॅल्शियमची पूड भुरभुरवलेली. आजोबांची कॅल्शियमची गोळी मात्र अधूनमधून राहून जाते. पण नीट सांभाळला तर गेको 20 वर्षं जगतो, आजोबांचा काय भरवसा?

वरच्या भिंतीवर एक पाल वर्षानुवर्षं फुकटात डास खाते. तिच्यासाठी केरसुणी, शिवाय ट्यूबलाइटला टांगलेली अंड्याची टरफलं. काल ती नेमकी काचघराच्या झाकणावर उतरली. वहिनी किंचाळल्या, “अहो, आधी बाळाला उचला! अंगावर पाल पडेल त्याच्या!”