पोरांनो, तुमच्या भाषेची टेस्ट सिरीज लावा

लातूरच्या उद्योग भवनापासून नांदेडच्या भाग्यनगरापर्यंत पाठीवर ओझं घेऊन फिरणाऱ्या अकरावी-बारावीच्या तमाम पोरापोरींनो,

तुमच्या केमिस्ट्रीच्या सरांचा साष्टांग नमस्कार. मला तुमची भाषा शिकायची आहे. फी मागू नका. तुमच्या आईवडिलांनी आमच्याकडे भरलीय, त्यातच भागवून घ्या.

'रिझ' ऑक्सफर्डवाल्यांनी २०२३चा शब्द ठरवला, २०२४चा 'ब्रेन रॉट'. म्हणजे दोन्ही आता सिलॅबसमध्ये आले. 'सिग्मा' तर मी कैक वर्षं फळ्यावर काढतोय. परवा 'सिग्मा बाँड' म्हणताच मागचे बाक असे उसळले, की वाटलं, चला, धडा समजला! 'डेलूलू', म्हणजे स्वतःच्या भ्रमात रमलेला, हा स्टाफरूमसाठी लई कामाचा शब्द आहे. 'क्रिंज' कुणाला म्हणता, ते विचारत नाही.

शिकायची पद्धत आपली ठरलेली: लातूर पॅटर्न. नोट्स, सराव, टेस्ट, पुन्हा सराव. पेपर 'नीट' परीक्षेसारखाच काढा, १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार, चुकलं की एक वजा. 'ब्रो आणि भाई यांतला फरक सविस्तर लिहा' असलं काही विचारू नका. चार पर्याय द्या, मी गोळा काळा करतो. सविस्तर लिहायची तुमची सवय आम्हीच मोडली, आमची तरी कुठं राहणार?

एक डाउट आहे. घरी 'काय करलालास' म्हणणारी तुम्ही, होस्टेलला आलात की 'भाई, सीन काय आहे' का सुरू करता? पुण्याची पोरं हसतात म्हणून? हसू द्या की.

पोरं भाषा बिघडवायलीत, अशी पालकसभेत नेहमीची ओरड असते. पण नीट दुसऱ्यांदा देणाऱ्याला 'रिपीटर' तुम्ही म्हणालात का? 'ड्रॉपर बॅच' तुमच्या रील्समधून आली का? ती आमच्या फ्लेक्सवरून आली, चौकाचौकांत, टॉपरांच्या फोटोखाली. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं वर्षभर त्याच नावाच्या वर्गात बसतं, गावाकडं गेलं की पाहुणेही तेच नाव घेऊन चौकशी करतात, आणि भाषा बिघडवली म्हणून बोलणीही त्यालाच.

तेव्हा शेवटची विनंती तुम्हाला नाही, माझ्या सहकाऱ्यांना आहे. सरहो, यंदाच्या ॲडमिशनच्या फ्लेक्सवरून 'ड्रॉपर' तेवढा उतरवा. पोरांच्या 'सिग्मा'चं नंतर बघू.

तुमचा, तूर्त निगेटिव्ह मार्कांत असलेला,
केमिस्ट्रीवाला सर