काय शिवायचंय?

टूलरूमवाले काका पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि चामड्याची बॅग मिळाली. शाल काकूंनी कपाटात ठेवली, नारळाच्या वड्या झाल्या आणि बॅग काकांनी त्याच रात्री उसवली. आतून कशी शिवलीय ते बघायला. बॅग आजतागायत उसवलेलीच आहे, पण त्या रात्रीपासून आमच्या इमारतीला चामडेकामाचे सल्लागार लाभले.

हल्ली ही हौस फोफावली आहे. पस्तिशीचा संगणक अभियंता, नोकरी सोडलेली आर्किटेक्ट, निवृत्त बँक मॅनेजर, कुणीही उठतो आणि पाकीट शिवायला बसतो. हेच काम पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी करणाऱ्यांपासून आपण चार हात लांब उभे राहिलो. हौसेसाठी केलं की मात्र त्याला ‘लेदरक्राफ्ट’ म्हणून हॉलमधला सोफा सरकवून जागा करून देतो. काकांना हे ठाऊक आहे आणि ते तसं स्पष्ट बोलतातही. फक्त बोलताना त्यांच्या हातात फ्रान्सहून मागवलेली रापी असते.

या हौशी मंडळींत दोन तट आहेत. काही शिवतात, काही अवजारं घेतात. काका दुसऱ्या तटाचे बिनविरोध अध्यक्ष. त्यांच्या खोलीची एक भिंत पत्र्याच्या बोर्डाने मढवलेली आहे. प्रत्येक अवजाराचा आकार बोर्डावर रंगवलेला. अवजार जागेवर नसलं की रिकामा आकार दिसतो आणि काका ‘कुणी नेलं?’ म्हणून गरजतात. घरात माणसं दोनच, त्यामुळे संशयित शोधायला वेळ लागत नाही. काकूंकडेही प्रत्युत्तर तयार असतं, कारण त्यांचा नायलॉनचा चॉपिंग बोर्ड याच खोलीत, ओट्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटवर भोकं अंगावर घेत पडलेला असतो. ‘नुसत्या दगडावर पंच मारला तर पंचाचं तोंड जातं,’ काका समजावतात. ‘खाली ग्रॅनाइट, म्हणजे ठोका वाया जात नाही. वर नायलॉन, म्हणजे धार शाबूत. आणि लोखंडी हातोडी अजिबात नाही, लाकडाची नाहीतर नायलॉनची मोगरी.’ सल्ला बिनचूक आहे. कोथिंबीर तेव्हापासून ताटात चिरली जाते, इतकंच.

चामड्याच्या जाडीबद्दल तर काका फारच हळवे. परदेशी व्हिडिओ बघून नवशिका ‘चार औंसाचं चामडं’ मागायला बाजारात जातो आणि दुकानदार तराजू शोधायला लागतो. इथे औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण 0.4 मिलिमीटर, म्हणजे चार औंस झाले 1.6. हे कोष्टक काकांनी दारामागे चिकटवलंय. पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना 0.8 ते 1, कमरेच्या पट्ट्याला 3.5 ते 4. मोजायचं व्हर्निअरने. आता चामडं काही पोलाद नव्हे. व्हर्निअरचे जबडे जरा जास्त आवळले की तेच चामडं पातळ होतं. टूलरूमला हे मान्य नाही. काका एकाच जागी तीनदा मोजतात, तीन वेगळे आकडे येतात, ते सरासरी काढतात आणि तारखेनिशी वहीत लिहितात. त्या दिवसाचं चामडेकाम तिथे संपतं.

सल्ला मागायला येणाऱ्याला काका आधी स्टूल देतात आणि मग एकच प्रश्न विचारतात: ‘काय शिवायचंय?’ समोरचा गडबडतो. तो कुठलं मशीन घेऊ हे विचारायला आलेला असतो. शिवायचं काय, याचा विचार त्याने लांबणीवर टाकलेला असतो.

तळमजल्यावरची कॉलेजातली मुलगी मात्र गडबडली नाही. ‘पट्टे आणि पाकिटं, काका.’

‘मग मशीन कशाला, बाळ? दोन सुया घे.’

आणि त्यांनी तिला हाताचा टाका समजावला. दोरा एकच, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई जाणार. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा खालच्यात अडकलेला असतो. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडायला लागतात. सुया बोथट हव्यात, कारण भोक आधीच पाडलेलं असतं, सुईने फक्त पलीकडे जायचं. दोरा मेणाचा, लांबी शिवणीच्या चौपट धरायची. मग कागदावर यादी झाली: धारदार कटर, स्टीलची पट्टी, चार मिलिमीटर अंतराच्या दात्यांचा पंच, सुया, आरी, मोगरी, कडा उतरवायला एक बेव्हलर. ‘आणि सेट घेऊ नकोस हं. डबा मोठा असतो, वापरात पाच-सहाच येतात.’ हे सांगणाऱ्या काकांच्या पाठीमागे असे तीन डबे उघडे होते.

‘आणखी एक. धार. फळीला चामड्याची पट्टी चिकटवायची, त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळायची आणि पातं उलटं ओढत न्यायचं, रोज. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पातं घसरून बोटावर येतं.’

चामडं कुठलं, यावर काका तासभर बोलू शकतात आणि बोलतात. कडा घासून चकचकीत करायच्या असतील, ठसे उठवायचे असतील, तर सालीत कमावलेलं घ्यावं. क्रोमचं मऊ असतं, पण त्याच्या कडा कितीही घासल्या तरी चकचकीत होतात ती आपली बोटं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, 2019 साली तिला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं आहे, हे त्यांना मुखोद्गत. 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला उतरवल्या तेव्हा काकांनी गच्चीवर भर सभेत पाण्याच्या टाकीचा विषय थांबवून निषेध नोंदवला. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, ती चामड्याच्या वादीनेच शिवतात, हे त्यांनी हातवारे करून पटवलं. पायात रबरी स्लीपर होती.

मशीनचं प्रकरण जरा मोठं आहे, कारण काकांकडे मशीनं तीन आहेत. पहिलं आईच्या वेळचं उषा. त्यावर पातळ चामडं शिवता येतं, अटी पाळल्या तर. सुई टोकाला पातं असलेली, फूट टेफ्लॉनचा, टाका तीन-चार मिलिमीटरचा. टाचण्या लावायच्या नाहीत, क्लिपा लावायच्या, कारण चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही. टाके जवळजवळ घेतले तर शिवण पोस्टाच्या तिकिटासारखी फाटून हातात येते.

दुसरं जुन्या बाजारात मिळालेलं सिंगर 29के, स्कॉटलंडच्या क्लाइडबँकचं. त्याचा फूट चौफेर फिरतो, चामडं वरून ओढतो आणि निमुळता दांडा बुटाच्या आतही शिरतो. ठिगळ लावायला याच्यासारखं मशीन नाही. पण बॉबिन इवलीशी, त्यामुळे बॅग शिवायला घेतली की दर थोड्या वेळाने दोरा संपतो. ‘हे दुरुस्तीचं मशीन आहे, यावर धंदा सुरू करू नका,’ असं काका प्रत्येकाला बजावतात आणि मग त्याला तेल घालून दाखवतात.

तिसरं कंपाउंड फीडचं. घरच्या मशीनचे फक्त खालचे दाते कापड ढकलतात. वरचं चामडं फुटाला चिकटून मागे राहतं आणि शेवटी दोन थर विषम होतात. यात सुई, फूट आणि दाते तिन्ही एकदम पुढे सरकतात. मोटर सर्वोची, कारण क्लचची मोटर सतत पूर्ण वेगात फिरत असते आणि पाय जरा जड पडला की शिवण कोपरा ओलांडून निघून जाते. सर्वोवर एकेक टाका मोजून घेता येतो. ‘मशीन घ्यायला जाल तेव्हा आपलं चामडं आणि आपला दोरा घेऊन जा. दुकानदार मऊ तुकड्यावर झकास शिवून दाखवतो. आपला सगळ्यात जाड जोड द्या. दोऱ्यांची गाठ चामड्याच्या पोटात बसली पाहिजे. खाली वेटोळी दिसली तर वरचा ताण सैल आहे.’ हे तिसरं मशीन वर चढवताना दोन हमालांनी तिसऱ्या मजल्यावर चहा मागितला होता. त्यावर आजवर फक्त चाचणीचे तुकडे शिवले गेलेत. तेही वहीत, क्रमांक देऊन.

एकदा काका फ्रेंच रापी घेऊन कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या मामांकडे गेले. मामांच्या पुढ्यात रापी, आरी, ऐरण, हातोडी आणि पाण्याचा डबा, संपली यादी. मामांनी फ्रेंच पात्याने तळव्याची एक पट्टी सरकन कापली, पातं फडक्याने पुसलं आणि परत दिलं. ‘चांगली हाय की. पण हिला एवढं जपायचं म्हटल्यावर कामं कधी करायची?’ काकांनी हे वाक्य मनावर घेतलं आणि रापीला सागवानी पेटी करून घेतली.

इकडे तळमजल्यावरच्या पोरीने यादीबाहेरचं काही घेतलं नाही. दोन सुयांवर तिने मैत्रिणींना पट्टे शिवले, मग मैत्रिणींच्या भावांना, आणि दिवाळीत प्रदर्शनात टेबल मांडलं. काकांचा एकही सल्ला खोटा ठरला नव्हता. तो पाळणारं माणूस तेवढं हवं होतं. ती काकांसाठी एक पट्टा घेऊन वर आली. सालीतलं चामडं, चार मिलिमीटर, कडा आरशासारख्या. काकांनी तीन जागी मोजला, टाके भिंगातून पाहिले, ‘वा’ म्हणाले आणि बक्कल काढून ठेवलं.

संध्याकाळी पट्टा भिंतीवर खिळ्याला लटकलेला होता, आतली बाजू वर, हिरवी पेस्ट चोळलेली, आणि काका त्यावर रापी उलटी ओढत होते.

‘अहो, पँटला लावायला दिला होता ना तिने?’ काकूंनी विचारलं.

‘एवढं चांगलं चामडं,’ काका धार बघत म्हणाले, ‘कमरेला वाया घालवू?’