हर्षद पेठ

मामाचा वाडा पाडून तिथं सहा मजली इमारत झाली, पण पत्ता सदाशिव पेठच राहिला, त्यामुळे त्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही. गेल्या रविवारी गेलो तेव्हा तो एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर भागाकार करत होता. कार्यालय बावधनला होतं. ‘एवढ्या लांब कोण जातंय’ म्हणून पत्रिका कच्च्या कामाला लागली होती.

“४११०३०. आमचा पिनकोड. अंकांची बेरीज किती?”

“नऊ.”

“घाल नवानं भाग.”

घातला. ४५६७०. बाकी शून्य.

“हर्षद संख्या!” मामा मांडीवर थाप मारून म्हणाला.

हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ठेवलेलं. फर्ग्युसनचा विद्यार्थी, १९२७ चं रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि पुढे जन्मभर देवळालीत शाळामास्तर. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जी संख्या निःशेष भागली जाते ती आनंद देते, म्हणून हर्षद. आनंद कुणाला कशात वाटेल! १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. पिनकोड आले १९७२ ला. तेव्हा मास्तर निवृत्त होते. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःचा पिनकोड भागून पाहिला असणार, अशी माझी खात्री आहे.

सदाशिव पेठ आनंद देते हे मात्र गणितानंच सिद्ध करावं लागतं.

“आता तुझं कोथरूड काढ.”

४११०३८. बेरीज सतरा. बाकी बारा.

“बारा!” मामा हळहळला. “तरी ताईला सांगत होतो, नदी ओलांडू नका.” मग त्यानं डेक्कन काढलं. ४११००४, बाकी चार. म्हणजे खुद्द फर्ग्युसन नापास. कॅम्पातही तीन उरले. मामाचा चेहरा कैरीच्या लोणच्यासारखा खुलत चालला.

मला राहवेना. कापरेकरांची आणखी एक जात आहे: स्वयंभू. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये ३ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची जनक. जिला जनकच सापडत नाही, उदाहरणार्थ २०, ती स्वयंभू.

“मग पेठ स्वयंभूच,” मामा म्हणाला. “त्यात काय बघायचंय?”

मी पेन घेतलं. ४११०२१, बेरीज नऊ, अधिक नऊ... ४११०३०.

“मामा, पेठेला जनक आहे.”

“कोण?”

“४११०२१. बावधन.”

मामानं बेरीज तीनदा केली. “दुसरा कुणी असेल.”

“एकच आहे. मी पाहिलं.”

बराच वेळ तो आकड्यांकडे बघत राहिला. मग त्यानं पत्रिका उलटी केली, चष्मा पुसला आणि मुहूर्त वाचू लागला.

“जावं लागणार,” तो म्हणाला. “घरचंच कार्य निघालं.”